‘आगू’ म्हणजे पुढे नव्हे

डंपरच्या केबिनमधून लांबचं सगळं दिसतं. खाणीचा पलीकडचा काठ दिसतो, त्याच्यामागे कापसाची शेतं आणि शेतांच्याही मागे सागाचं रान दिसतं. दिसत नाही ते फक्त जवळचं. पुढच्या चाकाशी उभा असलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही. तो कितीही उंच असो, लाल शर्ट घालून असो, हात वर करून ओरडत असो. चाकच त्याच्या डोक्याच्या वर गेलेलं असतं. रस्त्यावर वाळू वाहणारा टिप्पर डोळ्यांसमोर आणू नका. खाणीतला डंपर म्हणजे माडीचं घर, आणि ड्रायव्हर माडीवरच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत बसतो. अंगणात कोण आलं ते त्या खोलीतून कळत नाही. रोजची सुरक्षा, सेफ्टी, जे काही म्हणतात, ते सगळं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

मी त्या माडीवर बरीच वर्षं बसलो. नंतर त्याहून जास्त वर्षं खुर्चीत बसलो, त्याच खाणीच्या ट्रेनिंगच्या खोलीत, ‘सेफ्टीवाले सर’ म्हणून. आमच्या समाजात कार्यक्रमाला बोलावतात ते खुर्चीवाल्याला. डंपरवाल्याला कुणी शाल देत नाही. पण खरं सांगायचं तर खुर्चीत असताना एकही उन्हाळा असा गेला नाही की मी परत वर जाऊन बसायचं मनात आणलं नाही. ते जमलं की नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. पैनगंगेच्या अलीकडचं, आदिलाबादच्या बाजूचं आमचं गाव. बा आणि माय दोघंही दुसऱ्याच्या वावरात कामाला. मराठी शाळा, मग तेलगूची पुस्तकं, मग आदिलाबादला बी.ए. मायच्या डोक्यात नोकरी म्हणजे खुर्ची आणि खुर्चीवर पंखा. आमच्यातली मुलं मास्तर होत होती, कारकून होत होती. माझी मास्तरकी काही केल्या लागेना. तेवढ्यात आदिलाबादजवळच्या चुनखडीच्या खाणीत ऑपरेटर शिकवून घेणार असल्याचं कळलं आणि मी गेलो. फोरमन होते रहीमसाब, आदिलाबादचे जुने रहिवासी, पान खाऊन बोलणारे. माझे कागद पाहून म्हणाले, “मियाँ, इदर पत्थर ढोने का काम है, शायरी का नहीं.” त्या दिवसापासून माझं नाव ‘डिग्री’ पडलं. माझं खरं नाव खाणीत किती जणांना माहीत होतं, देव जाणे, म्हणजे आम्हा देव न मानणाऱ्यांच्या भाषेत कुणीच जाणे ना.

घरी सांगितलं तर माय चुलीपुढून उठलीच नाही. म्हणाली, “काऊन रे बाबू, बी.ए. शिकून दगडंच वाह्यचे होते तं मले आधी सांगाचं होतं. तुया बाचं टोपलं होतंच नं घरात.”

मी म्हटलं, “माय, बाचं टोपलं डोक्यावर होतं. हे मी हातानं चालवतो.”

“हातानं चालवते. मोठा आला.”

दसऱ्याला खाणीत मशीनची पूजा असते आणि घरच्यांना आत येऊ देतात. तेव्हा माय आली. पांढरं लुगडं नेसून डंपरच्या चाकापुढे उभी राहिली आणि वर पाहत तिने एकच विचारलं, “याले येसन कुठी हाय?”

बैलाच्या नाकातली येसन. मी तिला केबिनमध्ये चढवू शकत नव्हतो, म्हणून खालूनच ब्रेकचं सांगितलं. रोज निघायच्या आधी गाडी गिअरमध्ये टाकायची, ब्रेक दाबून धरायचा आणि इंजिनाला जोर द्यायचा. गाडी हलली तर ब्रेक नापास, गाडी उभी. ती म्हणाली, “म्हंजे आधी येसन ओढून पाह्यची, मंग जुपाचा.” नंतर ट्रेनिंगमध्ये मी हे वाक्य शेकडो लोकांना सांगितलं. शेती केलेल्या माणसाला ते एकदाच सांगावं लागायचं.

ब्रेकच्याही आधी असते ती चक्कर. पाळीवर आलं की मशीनवर चढायचं नाही. आधी तिच्याभोवती पूर्ण फिरायचं. टायरला कुठे चीर गेली आहे का, ते पाहायचं. चाकाचा नट सैल असला की त्याच्याखाली गंजाची बारीक रेघ उतरलेली असते, ती शोधायची. वाकून पोटाखाली पाहायचं, तेलाचा थेंब आहे का. आरसे पुसायचे. आधीच्या पाळीचा ड्रायव्हर सांगतो, “सब बराबर है.” त्याचं ऐकायचं, पण मानायचं नाही. रहीमसाब गेटवर उभे राहून म्हणत, “पहले चक्कर, बाद में चाय.” चहाचा कप हातात घेऊन चक्कर मारणाऱ्याला ते परत पाठवत.

पुष्कळ लोकांनी या चकरेची प्रदक्षिणा करून टाकली होती. उजवीकडून सुरुवात, एक हात मशीनला लावलेला, डोळे अर्धे मिटलेले, शेवटी नमस्कार. मी डावीकडून सुरुवात करायचो, कारण त्या बाजूला शिडी होती आणि चक्कर संपताच चढता यायचं. त्यावर आमचा मल्लेशअन्ना म्हणायचा, “डिग्री, तू देव को भी उल्टा घूमता क्या?”

मी म्हणायचो, “अन्ना, मी देवाला फिरतच नाही. मी नटाला फिरतो.”

“नट में भी देव रहता.”

“मग तो सैल आहे का ते बघून घे.”

मल्लेश स्वतः नमस्कार करायचा, पण सगळं पाहून झाल्यावर. एवढाच माझा आग्रह होता. हात जोडून चाक दिसत नाही, वाकून दिसतं.

चकरेमुळे काय काय सापडतं, त्याची एक गोष्ट सांगतो. आदिलाबादचा मे महिना तुम्हाला माहीत असेलच. खाणीत झाड नाही, भिंत नाही, पांढऱ्या दगडावर ऊन आपटून खालूनही भाजतं. एका दुपारी जेवणानंतर चक्कर मारताना मला मागच्या चाकाशी दोन पाय दिसले. उटनूरकडचा सोनेराव, रस्त्यावर पाणी मारणाऱ्या टँकरवर काम करणारा गोंड माणूस, डंपरच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपला होता. मी त्याला उठवलं आणि मनात होतं-नव्हतं ते सगळं बोललो. तो शांतपणे टोपी झटकत बसला. माझं संपल्यावर म्हणाला, “दादा, झाडं खानीनं कापले. मंग आमी सावली कुठी पाहाव?”

हे मी रहीमसाबना जाऊन सांगितलं. त्यांनी वर भांडून पत्र्याची एक शेड आणि पाण्याचे रांजण मिळवले. शेडमध्ये उकडायचं, तरी लोक तिथे बसायला लागले. सोनेराव मात्र मला दिसला की दुरूनच ओरडायचा, “डिग्रीदादा, आज खाली कोनी नाही, निघा.” आणि मी तरी वाकून पाहायचो. त्याला त्याचा राग यायचा नाही, हसू यायचं.

आता मल्लेशअन्नाबद्दल. तो पोकलेन चालवायचा, म्हणजे दगड उचलून डंपरमध्ये टाकणारी मशीन. गोदावरीकाठचा, कोळशाच्या खाणीत शिकलेला, माझ्याहून वयाने मोठा. त्याची हिंदी मोडकी आणि माझी तेलगू शाळेच्या पुस्तकातली. मी तेलगू बोललो की म्हणायचा, “डिग्री, तू बोलता तो लगता कलेक्टर आया.” त्यामुळे आम्ही बोलायचो कमी. दिवसभर तो त्याच्या केबिनमध्ये, मी माझ्या. पण माणूस ओळखायला बोलावंच लागतं असं नाही. मी मल्लेशला माझ्या पाठीने ओळखत होतो.

ते कसं, ते सांगतो. रिकाम्या डंपरमध्ये पहिली बकेट पडते तेव्हा खालचा लोखंडी पत्रा उघडा असतो. त्यावर मोठा दगड पडला की तो धक्का सीटमधून ड्रायव्हरच्या मणक्यात जातो. दिवसभरात अशा किती खेपा होतात याचा विचार करा. चांगला पोकलेनवाला पहिली बकेट बारीक मालाची घेतो, अगदी खाली आणून हळूच ओततो, गादी घातल्यासारखी. मग त्या गादीवर मोठे दगड ठेवतो. मल्लेश दगड टाकत नव्हता, ठेवत होता. पाळी बदलून दुसरा कुणी पोकलेनवर असला की मला मागे न पाहता कळायचं. घरी गेल्यावर बायकोलासुद्धा कळायचं. मी खाटेवर कसा बसतो ते पाहून ती विचारायची, “आज तुमचे अन्ना सुट्टीवर होते काय?”

आमचं बोलणं हॉर्नमधून चाले. मी उलटा येत त्याच्याजवळ लागलो की तो एकदा वाजवायचा: थांब, बरोबर आहे. भरून झालं की दोनदा: निघ. हे सगळ्यांसाठीच होतं. पण मल्लेश दुसऱ्या हॉर्ननंतर कधीकधी एक अगदी छोटासा तिसरा वाजवायचा, नियमात नसलेला. त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही. मीही तसाच एक वाजवून निघायचो. तुम्हाला हे पोरकट वाटेल. मला आज कुणी त्या जागी पुन्हा नेऊन बसवलं तर मी पहिल्यांदा त्या छोट्या हॉर्नसाठी कान देईन.

आता तो दिवस.

आमच्या खाणीत सगळ्या भाषा होत्या. गावाकडचे आम्ही मराठी, पोकलेनवर तेलगू, ऑफिसात उर्दू-तेलगू-इंग्रजी, टँकरवर गोंडी, आणि डंपरवर नव्याने आलेले झारखंड-बिहारकडचे हिंदीवाले. त्यांच्यातला एक प्रमोद. शांत मुलगा, आल्याला थोडेच दिवस झालेले. त्या सकाळी त्याचा डंपर मल्लेशकडे भरत होता आणि त्याच्यामागे ओळीत मी उभा होतो. भरता भरता एक मोठा दगड वरून घरंगळला आणि प्रमोदच्या पुढच्या चाकाच्या तोंडाशी येऊन पडला. अशा दगडावर टायर चढला तर टायर फाटतो. मल्लेशला टायर फाटलेला सहन व्हायचा नाही. त्याने बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. पहार घेऊन दगड बाजूला लोटायला लागला.

तो होता पुढच्या चाकाशी. म्हणजे कुठे, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

प्रमोदला वाटलं, भरून झालं, पोकलेन थांबलं, आता निघायचं. दोन हॉर्न झाले नव्हते, तरी त्याने इंजिनाला जोर दिला. मल्लेशला आवाज बदललेला कळला. नेहमी त्याच्याकडे हॉर्न असायचा. त्या दिवशी मशीनवरून उतरलेल्या माणसाकडे हॉर्न नव्हता, फक्त तोंड होतं, आणि तोंडात तेलगू होती. तो जिवाच्या आकांताने ओरडला, “आगू! आगू!”

तेलगूत ‘आगू’ म्हणजे थांब.

प्रमोदने खिडकीतून डोकं काढलेलं मला दिसत होतं. त्याने ऐकलं, मान हलवली आणि गाडी पुढे घेतली. त्याला ऐकू आलं होतं ‘आगे, आगे.’

मी हॉर्नवर पंजा ठेवला आणि उचललाच नाही. प्रमोद त्या आवाजाने दचकला आणि त्याने ब्रेक मारला. चाक मल्लेशवर गेलं नाही. पण चाकाने दगड ढकलला होता आणि दगड त्याच्या पावलावर होता.

पुढचं फार सांगत नाही. दगड आम्ही पहारीने उचलला. सोनेरावने टँकरमधलं पाणी आणलं. मल्लेश ओरडला नाही, नुसता माझ्या खांद्याचा शर्ट मुठीत धरून बसला. प्रमोद डंपरवरून उतरून थोडा दूर उभा होता आणि एकच वाक्य म्हणत होता, “उन्होंने आगे बोला. साब, उन्होंने ही आगे बोला.” कुणीतरी त्याच्या अंगावर धावून गेलं. तो खोटं बोलतोय असं सगळ्यांना वाटलं. तिथे उभ्या असलेल्यांपैकी तेलगूवाल्यांनी ‘आगू’ ऐकलं होतं, हिंदीवाल्यांनी ‘आगे’ ऐकलं होतं, आणि दोन्ही बाजू शपथेवर तेच सांगणार होत्या. मला मात्र दोन्ही ऐकू आले होते. सीमेवर वाढलेल्या माणसाचे कान असेच असतात, एका शब्दाला दोन दारं. मी रहीमसाबला बाजूला घेऊन सांगितलं की दोघंही खरं बोलत आहेत.

रहीमसाबनी दोन्ही शब्द एकामागोमाग पुटपुटून पाहिले. मग म्हणाले, “इतने साल से सुन रहा मैं ये दोनों लफ़्ज़. कभी साथ रख के नहीं देखा.”

मी प्रमोदलाही ते समजावलं. त्याने ऐकून घेतलं. कुणी त्याला काढलं नाही. पण तो डंपरवर परत बसला नाही, काही दिवसांनी गावी निघून गेला. दगड उचलून झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या खांद्यावर कुणी हात ठेवला असता तर कदाचित राहिला असता. त्या वेळी आमचे सगळ्यांचे हात मल्लेशला धरण्यात गुंतले होते.

मल्लेश आदिलाबादच्या दवाखान्यात होता. मी पाळी संपली की जायचो. त्याची दोन बोटं काढावी लागली आणि घोटा आखडला. पोकलेन पुढे-मागे न्यायला दोन्ही पायांनी पेडल दाबावी लागतात. ते आता जमणार नाही, हे आम्हाला दोघांना कळत होतं. एकदा मी मोसंबी सोलत बसलो होतो तेव्हा तो हसून म्हणाला, “मैं आगू बोला, वो आगे सुना. बीच में मेरा पाँव.”

मी म्हटलं, “अन्ना, तू हॉर्न खिशात घालून उतरायला पाहिजे होतं.”

“खिशा में हॉर्न? कलेक्टर, तू बना के दे.”

मग थोड्या वेळाने छताकडे पाहत म्हणाला, “सच बोलता, डिग्री. ये सिखाने के लिए आदमी होना. जिसके पास दोनों भाषा है.”

मी विषय बदलला. मला कळलं होतं तो कुठे निघाला आहे. कारण त्याच आठवड्यात ऑफिसने मला तेच विचारलं होतं. ट्रेनिंगच्या खोलीत माणूस पाहिजे, मराठी-तेलगू-हिंदी-उर्दू येणारा, शिकलेला. पंखा होता. खुर्ची होती. मी त्यांना सांगितलं होतं, विचार करतो. विचार काही करत नव्हतो. कळत असूनही माझं उत्तर ठरलेलं होतं: मल्लेश परत येईल, मी त्याच्याखाली डंपर लावीन.

तो परत आला नाही. मंचेरियालला मुलीकडे राहायला गेला. जायच्या दिवशी बसस्टँडवर कुबडी काखेत धरून म्हणाला, “तू डंपर में है तो एक डंपर सीधा चलता. खोली में बैठेगा तो सब.” मी म्हटलं, “आणि मला कोण भरणार?” त्याने कुबडी सावरून पुढे टाकली. बस लागली होती.

दुसऱ्या दिवशी पोकलेनवर नवा माणूस होता. पहिलीच बकेट मोठ्या दगडाची, वरून सोडलेली. मणक्यातून डोक्यापर्यंत धक्का गेला. त्याने दोनदा हॉर्न दिला, मी सवयीने थांबलो, तिसऱ्याची वाट पाहत. त्याने खिडकीतून हात हलवून विचारलं, काय झालं, निघ ना. त्या संध्याकाळी मी ऑफिसात जाऊन हो म्हणालो.

मायला फार आनंद झाला. ती खोली पाहायला आली नाही, पण खुर्चीला हात आहेत का, हे विचारलं. आहेत म्हटल्यावर शेजारणींना सांगायला गेली.

खुर्चीतली कामं मी मनापासून केली, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिला नियम केला तो असा, की खाणीच्या तळात तोंडाने इशारा द्यायचा नाही. कुठल्याच भाषेत नाही. थांब म्हणजे डोक्यावर दोन्ही हातांची फुली. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. आणि दुसरा, माझ्या आवडीचा: कुणाला डंपरच्या पुढे जायचं असेल तर आधी दूर, ड्रायव्हरला दिसेल असं उभं राहायचं. ड्रायव्हरने स्टेअरिंग सोडून दोन्ही रिकामे हात खिडकीबाहेर काढून दाखवायचे आणि तो माणूस पुन्हा दिसेपर्यंत आत घ्यायचे नाहीत. लोकांनी याचं नाव ‘हात दाखव’ पाडलं. पहिल्या दिवशी एका मराठी ड्रायव्हरने तळवे पसरून मला विचारलं, “काय डिग्रीसाहेब, भविष्य पाह्यता काय?”

मी म्हटलं, “हो. आहे का नाही, तेवढंच पाहतो.”

तो हसला, पण हात त्याने आत घेतले नाहीत.

आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला घर बांधलं. स्कूटीवरून जाऊ-येऊ लागलो. स्कूटीलाही निघण्याआधी चक्कर मारायचो, त्यावर बायको शेजारच्यांसमोर म्हणायची, “यायले वाटते खाली सोनेराव झोपला असन.” पोरं शिकली, नोकऱ्यांना लागली. मल्लेश कधीमधी फोन करायचा. आम्हा दोघांची तेलगू-हिंदी तशीच राहिली. फोनवर बोलायला काही नसायचं, पण ठेवायचंही नसायचं. एकदा त्याने फोनमध्ये तोंडाने तो छोटा हॉर्न वाजवला. मी खोलीत माणसं शिकवत होतो. वाजवता आला नाही.

खुर्चीची खिडकी खाणीकडे होती. ती कुणी मुद्दाम तशी ठेवली नसेल. डंपर वळणावर चढताना इंजिनाचा सूर एका ठिकाणी खाली येतो आणि मग गिअर पडून पुन्हा वर जातो. ड्रायव्हर नवा असेल तर तो उशिरा पडतो. फळ्यावर लिहिता लिहिता माझा उजवा हात तिथे आपोआप हलायचा. खोलीतल्या लोकांना वाटायचं, मी खडू झटकतो.

नोकरीची शेवटची थोडी वर्षं राहिली होती तेव्हा खाणीत नवे डंपर आले. केबिन थंडगार, पडद्यावर चारही बाजूंचे कॅमेरे, जवळ कुणी आलं की आवाज होतो. ऑपरेटर कमी पडत होते. हैदराबादकडचे तरुण मॅनेजर होते, मला मान देणारे. एक दिवस म्हणाले, “सर, ट्रेनिंग देखनेवाला मिल गया. आपको फिर से डंपर पे जाना है तो जाइए. सब बोलते, आपका मन उधर ही है.”

हे मी कुणाला कधी बोललो नव्हतो. तरी सगळे बोलत होते.

घरी आलो आणि जुने बूट काढून तेल लावायला बसलो. बायको पाहत होती. म्हणाली, “माय असती तं त्याच बुटानं हाणलं असतं तुमाले.” मग स्वतःच फडकं घेऊन दुसरा बूट पुसायला बसली.

परत चढायच्या आधी चाचणी द्यावी लागते. ती घेणारा अजून मीच होतो. मॅनेजर हसून म्हणाले, आता तुमची कोण घेणार, तुम्हीच घ्या. सकाळी मी डावीकडून चक्कर मारली. नट पाहिले, पोटाखाली वाकून पाहिलं. वर चढलो. दार ओढलं आणि सीटवर बसलो.

तो वास मी विसरलो होतो. डिझेल, रबर आणि चुन्याची धूळ. समोर पलीकडचा काठ, शेतं, रान. रान पूर्वीपेक्षा मागे सरकलेलं. पट्टा लावला, ब्रेक दाबून इंजिनाला जोर दिला, गाडी हलली नाही. आरसे बरोबर होते. नंतर शेवटची गोष्ट. केबिन डंपरच्या डाव्या अंगाला असते, त्यामुळे उजवी बाजू सगळ्यात जास्त झाकलेली. तिकडे मान पूर्ण वळवून, खांद्यावरून मागे पाहायचं. मी मान वळवली. अर्ध्यावर ती थांबली. आणखी जोर लावला तर खांद्यापासून बोटांपर्यंत कळ गेली. दगडांनी आपलं काम करून ठेवलं होतं. रोज स्कूटीवर आरसा पुरत होता, म्हणून कळलं नव्हतं.

खाली मॅनेजर उभे होते. मी खिडकीतून सांगितलं, “साब, गर्दन नहीं मुड़ रही.”

“सर, कैमरा है ना. गर्दन से क्या होता?”

मी पडद्याकडे पाहिलं. चारही चौकोनांत सगळं स्वच्छ दिसत होतं. सकाळ होती. दुपारपर्यंत भिंगांवर पांढरी धूळ बसते आणि उजवा चौकोन सगळ्यात आधी जातो, हे मी त्याच महिन्यात वर्गात सांगितलं होतं. आणि या एकाच गोष्टीवर मी किती तरी चांगल्या ड्रायव्हरांना खाली उतरवलं होतं. त्यातल्या एकाने रडवेला होऊन विचारलं होतं, “सर, आरसा हाय नं?” त्याच्यापुढे मी अजिबात नरम पडलो नव्हतो.

मॅनेजर वाट पाहत होते. कुणाला काही कळणार नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर दुपारी पहिली खेप मारली असती.

“मशीन ठीक है, साब,” मी म्हटलं. “आदमी बदलो.”

मी इंजिन बंद केलं. बंद मशीनमध्ये बसायला चाचणी लागत नाही, म्हणून थोडा वेळ तसाच बसलो. मग पट्टा सोडला, चावी काढली आणि उतरायला लागलो.

डंपरवरून उतरताना तोंड मशीनकडे ठेवायचं असतं. बाहेर पाहत उतरलं आणि पाय निसटला तर धरायला काही उरत नाही, म्हणून. बाकी कुठूनही माणसाला पाठ फिरवून निघता येतं. इथे तशी सोय नाही. दोन्ही हातांनी कठडा धरून मी एकेक पायरी खाली येत गेलो, आणि जमिनीला पाय लागेपर्यंत त्या दाराकडेच पाहत होतो.